वीस शिलिंगांची चिठ्ठी आणि ११२ बाळं

(या महिन्याचा अभ्यास पाठ. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. शेवटी चर्चेचे प्रश्न दिले आहेत.)



मागचे दोन पाठ व्याजाचे आणि कर्जफेडीचे झाले. आज विषय वेगळा आहे. आज आपण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये जाणार आहोत. तुम्ही म्हणाल, आम्हाला काय करायचंय इंग्लंडचं? पण जरा थांबा. तिथल्या बायकांची तान्ही बाळं कशानं दगावत होती, त्याचा दोष कुणावर टाकला जात होता आणि ती वाचायला कशी लागली, हे ऐकलंत तर तुम्हाला आपलंच गाव आठवेल.

आधी एक शब्द नीट समजून घेऊ, कारण तो पुढे सारखा येणार आहे.

बालमृत्यू दर म्हणजे काय?

एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर १००० बाळांपैकी किती बाळं आपला पहिला वाढदिवस बघू शकली नाहीत, तो आकडा म्हणजे बालमृत्यू दर. हजारामागे ३० म्हणजे १००० पाळणे हलले आणि त्यातले ३० वर्षाच्या आत रिकामे झाले. आपल्या देशाचा हा दर २०२० साली २८ होता, महाराष्ट्राचा १६.

आता इंग्लंडचा ऐका. १८९९ साली इंग्लंड आणि वेल्स मिळून हा दर होता हजारामागे १६३. म्हणजे दर सहा बाळांमागे जवळपास एक. तेव्हा हा देश जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांपैकी एक होता. आपल्यावर त्यांचंच राज्य होतं. रेल्वे होती, गिरण्या होत्या, मोठमोठे दवाखाने होते. तरी घरोघरी पाळणे रिकामे होत होते. म्हणजे देशाकडे पैसा असला की बाळं आपोआप वाचतात असं नाही. पैसा आणि सोयी कुणाच्या घरापर्यंत पोचतात, त्यावर ते ठरतं.

बाळं कशानं जात होती?

१९०१ ते १९१० या काळात तिथं राजा सातवा एडवर्ड गादीवर होता. गिरण्यांमुळे शहरं फुगत होती. शहरालगतच्या वाड्या-वस्त्यांत कामगारांच्या घरांच्या रांगा उभ्या राहत होत्या. अशा वस्त्यांत तान्ह्या बाळांना घेऊन जाणारी कारणं साधारण ही होती:

१. उन्हाळी जुलाब, म्हणजे ढाळ-वांत्या.
२. गोवर, डांग्या खोकला, घटसर्प.
३. छातीचे आजार, म्हणजे न्यूमोनिया आणि पिलं भरणं.
४. क्षय. यातला काही आजारी गाईंच्या कच्च्या दुधातून यायचा.
५. दिवस भरायच्या आधी किंवा अशक्त जन्मलेली बाळं. आईलाच पोटभर मिळत नसे, तर बाळाला कुठून मिळणार?

यातले उन्हाळी जुलाब आपण जरा बारकाईनं बघू, कारण त्यात सगळी साखळी दिसते.

तिकडचा उन्हाळा आपल्यापेक्षा उशिरा, जुलै ते सप्टेंबर. ऊन वाढलं की बाळांचे मृत्यू वाढायचे. १९११ चा उन्हाळा फार कडक गेला आणि त्या वर्षी दर १३० वर गेला. पुढच्या वर्षीचा, १९१२ चा, उन्हाळा थंड आणि पावसाळी होता. दर ९५ वर आला. एका वर्षात आया काही बदलल्या नव्हत्या. बदललं होतं हवामान. पण ऊन स्वतः बाळाला मारत नाही. मग ऊन करत काय होतं?

साखळी अशी होती. अनेक गिरणगावांत संडास टोपलीचे किंवा बादलीचे होते. मैला अंगणातच साठायचा आणि तो उचलणारी गाडी ठरलेल्या दिवशीच यायची. रस्त्यावर घोडागाड्या, त्यामुळे जागोजागी लिदीचे ढीग. ऊन वाढलं की माश्या वाढायच्या. माशी मैल्यावर बसून उठायची ती दुधावर बसायची. दूध शहराबाहेरून उघड्या भांड्यांतून यायचं. येईपर्यंत कितीतरी तास गेलेले. घरात गार ठेवायची सोय नाही. सकाळचं दूध दुपारी बाळाला द्यायचं, म्हणजे जंतूंची वाढ झालेलं दूध द्यायचं.

त्यात भर म्हणजे दुधाची बाटली. तेव्हा एक बाटली फार चालायची. काचेची, आणि तिला लांब रबरी नळी. नळीच्या टोकाला बोंडशी. बाळ पाळण्यात पडल्या पडल्या स्वतःच चोखत राहायचं, आई कामाला मोकळी. पण ती नळी आतून धुता येत नव्हती. दूध आत चिकटायचं, नासायचं, आणि पुढचं दूध त्यातूनच जायचं. फ्रान्सनं तर १९१० साली या नळीच्या बाटल्यांवर कायद्यानं बंदीच घातली.

आणखी एक वस्तू होती, डब्यातलं आटवलेलं गोड दूध. गरिबाला ते परवडायचं. पण स्वस्त डब्यांमधल्या दुधातली साय आधीच काढून घेतलेली असे. राहायची साखर. बाळ वरून गुटगुटीत दिसायचं, पण आतून अंगात बळ नाही. जुलाब लागले की दोन-तीन दिवसांत डोळे खोल जायचे, टाळू बसायची.

जी बाळं अंगावर पीत होती ती या साखळीच्या बाहेर होती. आईच्या दुधाला ना बाटली लागते, ना माशी बसते. त्या काळच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी गल्लोगल्लीच्या नोंदी काढल्या तेव्हा हेच पुढे आलं. जुलाबानं गेलेल्या बाळांत बहुतेक वरच्या दुधावरची होती.

जे मोजलं नाही ते दिसलं नाही

इथे एक महत्त्वाचा मुद्दा आहे. इंग्लंडमध्ये १८८९ साली साथीच्या आजारांची खबर देण्याचा कायदा झाला आणि १८९९ पासून तो सगळीकडे सक्तीचा झाला. घरात घटसर्प, देवी, टायफॉईड किंवा अंगावर लाल पुरळ उठणारा स्कार्लेट ताप निघाला की आरोग्य अधिकाऱ्याला कळवायलाच लागायचं. रोग्याला वेगळ्या इस्पितळात हलवत, घर आणि कपडे निर्जंतुक करत.

पण गोवर आणि डांग्या खोकला त्या यादीत नव्हते. लोक म्हणत, गोवर काय, सगळ्यांनाच निघतो. प्रत्यक्षात लहान लेकरांसाठी हे दोन्ही आजार फार घातक होते. गोवर साधा वाटायचा आणि मग छातीत उतरायचा. देशभर गोवराची नोंद सक्तीची झाली ती थेट पहिल्या महायुद्धाच्या काळात.

आपल्या हिशोबाच्या वहीत जे लिहिलं नाही त्याची वसुली होत नाही, हे आपल्याला माहीत आहे. तसंच हे. ज्या मरणाची नोंद नाही त्यावर कुणी उपाय शोधत नाही.

जन्माचंही तेच. तिथं जन्म नोंदवायला ४२ दिवसांची मुदत होती. पण सगळ्यात नाजूक काळ तोच! कचेरीला बाळ जन्मल्याचं कळेपर्यंत कितीतरी बाळं जाऊनही चुकलेली असत. मग मदत कुणाला पोचवायची आणि कधी?

लाँगवूडची गोष्ट

इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशायरमध्ये हडर्सफील्ड नावाचं लोकरीच्या गिरण्यांचं शहर आहे. त्याच्या कडेला, डोंगरउतारावर, लाँगवूड नावाची वस्ती आहे. आधीच्या दहा वर्षांचा हिशोब काढला तर लाँगवूडचा बालमृत्यू दर होता हजारामागे १२२.

नोव्हेंबर १९०४ मध्ये बेंजामिन ब्रॉडबेंट हे हडर्सफील्डचे महापौर झाले. त्यांनी जाहीर केलं की माझ्या या वर्षात लाँगवूडमध्ये जे बाळ जन्मेल, ते एक वर्षाचं झालं की त्याच्या आईबापांना मी एक पौंड देईन. एक पौंड म्हणजे वीस शिलिंग. साध्या मजुराची जवळजवळ आठवड्याची कमाई. प्रत्येक घरी तशी छापील वचनचिठ्ठी दिली, आणि बाळाला काय पाजायचं, कसं सांभाळायचं याच्या सूचनाही.

पण नुसती चिठ्ठी देऊन ते थांबले नाहीत. वस्तीतल्या बायकांची एक समिती केली. या बायका बाळंतिणीच्या घरी जायच्या. बाळ अंगावर पितंय का बघायच्या, चौकशी करायच्या, धीर द्यायच्या. बाळ आजारी दिसलं तर डॉक्टरकडे न्यायला सांगायच्या. एकदा जाऊन येणं नाही, तर पुन्हा पुन्हा जाणं.

वर्ष संपलं. त्या काळात लाँगवूडमध्ये ११२ बाळं जन्मली होती. त्यातली १०७ एक वर्षाची झाली. पाच गेली. हजारामागे दर काढला तर सुमारे ४४. आधी १२२, आता ४४.

नंतर शहरानं हे काम पुढे नेलं. जन्माची खबर ४८ तासांच्या आत आरोग्य अधिकाऱ्याला द्यायची, असा नियम हडर्सफील्डनं १९०६ साली स्वतःच्या कायद्यानं सक्तीचा केला. असं करणारं ते देशातलं पहिलं शहर. खबर आली की आधी आरोग्य खात्याची बाई डॉक्टर घरी जायची, मग वस्तीतल्या स्वयंसेविका लक्ष ठेवायच्या. १९०७ साली सगळ्या देशासाठी तसा कायदा आला. तो आधी ज्या त्या गावाच्या मर्जीवर होता, १९१५ मध्ये सगळीकडे लागू झाला.

आता आकडा तपासू

आपण बचत गटाच्या बायका. कुणी आकडा सांगितला की लगेच मान डोलवायची नाही, हे आपण शिकलोय. तर हा आकडाही तपासू.

जुना दर १२२ धरला, तर ११२ बाळांमागे साधारण १३-१४ बाळं जायला हवी होती. गेली ५. म्हणजे आठ-नऊ बाळं जास्त जगली. हे मोठंच आहे. पण संख्या लहान आहे हेही लक्षात ठेवा. ११२ मध्ये एक बाळ जास्त गेलं असतं तर दर ४४ वरून एकदम ५३ च्या पुढे गेला असता. शिवाय एकाच वर्षाचा हिशोब आहे. एखाद्या वर्षी उन्हाळा सौम्य असतो, साथ येत नाही. आणि त्या काळात देशभरच दर उतरत होता. १९०१ ते १९०५ ची सरासरी होती १३८, १९०६ ते १९१० ची ११७. म्हणून सगळं श्रेय एका चिठ्ठीला देता येत नाही.

मग आपण यातून घ्यायचं काय? माझ्या मते हे: बाळाची खबर लगेच मिळाली, बाळंतिणीच्या दारात वेळेवर बाई गेली आणि पुन्हा पुन्हा जात राहिली. पौंड महापौरांच्या खिशातून आला होता. पण ते जाणं-येणं वस्तीतल्या बायकांचं होतं.

दोष कुणाचा?

आता पाठाचा सगळ्यात नाजूक भाग.

त्या काळात अनेक मोठी माणसं म्हणत होती की बाळं मरतात कारण आया अडाणी आहेत. जॉर्ज न्यूमन नावाच्या आरोग्य अधिकाऱ्यानं १९०६ साली बालमृत्यूवर एक मोठं पुस्तक लिहिलं. त्यात घाण, दूध, घरं याबद्दल पुष्कळ चांगली माहिती होती, पण सगळा भर शेवटी आईवरच येऊन पडत होता. कुणी म्हणे बाई गिरणीत जाते म्हणून बाळ मरतं. पण कोळशाच्या खाणींच्या भागात बायका फारशा कामाला जात नव्हत्या, तरी तिथंही बालमृत्यू खूप होते. मग कामाला जाणं हे एकटं कारण कसं?

लंडनच्या लॅम्बेथ भागात १९०९ ते १९१३ या काळात काही बायकांनी वेगळं काम केलं. मॉड पेंबर रीव्हज ही त्यातली एक. त्यांनी ज्या घरांत नवऱ्याची कमाई आठवड्याला पौंडाच्या आसपास आहे, अशी घरं निवडली. बाळ होण्याच्या आधीपासून ते एक वर्षाचं होईपर्यंत आईला दर आठवड्याला पाच शिलिंग दिले, खाण्यापिण्यासाठी. आणि आईनं घरखर्चाचा हिशोब लिहायचा असं ठरवलं. जिला लिहिता येत नव्हतं तिचा हिशोब नवऱ्यानं किंवा शाळेतल्या पोरानं लिहिला. या वह्यांवरून १९१३ साली पुस्तक निघालं.

वह्यांनी काय दाखवलं? पौंडातले सात-आठ शिलिंग भाड्यातच जायचे, तेही ओलसर, अंधाऱ्या खोल्यांच्या. मग कोळसा, दिवाबत्ती, आणि मेल्यावर पुरायच्या खर्चाचा विमा, कारण लेकरू गेलं तर निदान नीट पुरता यावं. हे सगळं वजा जाता जे उरायचं त्यात सगळ्या घराचं खाणं. कमावणाऱ्या पुरुषाला चांगलंचुंगलं, पोरांना पाव, आणि आईला उरलंसुरलं. दूध घ्यायचं म्हटलं तर कुणाच्या तरी तोंडचा घास काढायला लागायचा. म्हणजे आई अडाणी नव्हती. ती पै-पैचा हिशोब आपल्यासारखाच करत होती. पैसाच पुरत नव्हता.

आईला शिकवू नये असं नाही. नळीची बाटली वाईट हे कुणीतरी सांगायलाच हवं होतं. पण संडास अंगणात, पाणी लांब, दूध महाग आणि आई उपाशी, अशा वेळी नुसता उपदेश करणं म्हणजे जखमेवर मीठ. १९०७ साली लंडनच्या सेंट पँक्रास भागात आयांसाठी एक शाळा निघाली. तिथं बाळाचं वजन करायचे, सल्ला द्यायचे, पण त्याचबरोबर गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या आयांना स्वस्तात जेवणही द्यायचे. आईच्या पोटात गेलं तरच बाळाच्या पोटात जाणार, एवढी साधी गोष्ट.

बायकांची संघटना आणि आईच्या हातातला पैसा

तिथं आपल्यासारखीच कष्टकरी बायकांची एक संघटना होती, महिला सहकारी गिल्ड. १८८३ साली स्थापन झालेली. सहकारी दुकानांच्या सभासद बायका गावोगाव बैठका घ्यायच्या. त्यांच्या सचिव होत्या मार्गारेट लेवेलिन डेव्हिस. त्यांनी सभासदांना विचारलं, तुमची बाळंतपणं कशी झाली ते लिहून कळवा. शेकडो बायकांनी लिहिलं. त्यातली १६० पत्रं १९१५ साली पुस्तकात छापली गेली. बाळंतपणानंतर आठवड्याच्या आत धुण्याभांड्याला उभं राहणं, पोटात बाळ असताना स्वतः न खाणं, एकामागून एक गेलेली बाळं. तोपर्यंत या गोष्टी चार भिंतींच्या बाहेर कुणी बोलतच नव्हतं.

याच गिल्डनं अजून एक काम केलं, ते नीट ऐका. १९११ च्या विमा कायद्यात बाळंतपणासाठी ३० शिलिंगांची मदत ठरली. पण पैसे विमा काढलेल्या नवऱ्याच्या हातात पडायचे. गिल्डच्या बायका म्हणाल्या, बाळंतपण बाईचं, पैसाही बाईचाच. त्यांनी पाठपुरावा केला आणि १९१३ साली कायदा बदलून घेतला. ती मदत आईच्या मालकीची झाली.

आज मातृवंदना योजनेचे पैसे थेट बाईच्या स्वतःच्या खात्यात येतात, ते आपल्याला साधं वाटतं. पण ते साधं नाही. बायकांना त्यासाठी भांडावं लागलेलं आहे.

आपल्याकडे काय?

लाँगवूडच्या बायकांकडे जे नव्हतं ते आज आपल्या गावात आहे.

तेव्हा गोवराची लस नव्हती, डांग्या खोकल्याची नव्हती. आज बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांनी पेंटा, आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाची लस फुकट मिळते. दुसरा डोस दीड वर्षाच्या सुमारास.

तेव्हा जुलाबात सुकलेल्या बाळाला वाचवायला घरात काही नव्हतं. आज ओआरएसची पुडी आहे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाईन कमी पडलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाचं पाणी पाजूनच हजारोंना जगवलं. त्यानंतर जगाला या पाण्याची ताकद कळली. पुडी एक लीटर स्वच्छ पाण्यात पूर्ण घालायची, अर्धी नाही. चमच्या-चमच्यानं पाजायचं. सोबत आशाताईनं दिलेल्या झिंकच्या गोळ्या १४ दिवस, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. बाळ मलूल झालं, पाणीही पीत नाही, शौचातून रक्त आलं तर वाट न बघता दवाखाना. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जुलाब लागले तर घरी थांबूच नका.

दारात जाणारी बाईही आपल्याकडे आहे. आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घ्यायचं काम केलं. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ साली ते जगभरात छापून आलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते, ती पद्धत याच कामातून आली.

तरी एक गोष्ट राहून जाते. मी गावोगाव बैठकांना जाते तेव्हा एखादं बाळ गेल्याचं कळतं आणि मागोमाग वाक्य येतं, "तिनंच हयगय केली असेल." ताईंनो, हे वाक्य शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्येही बोललं जात होतं. हे वाक्य बोललं की बाकीचे सगळे प्रश्न बंद होतात. नळाला पाणी किती दिवसांनी आलं? गटार कुणी साफ करायची होती? ती बाळंतीण कितव्या दिवशी कामावर गेली? का गेली? आशाताईला खबर कधी मिळाली? हे कुणी विचारतच नाही. आणि ती आई मात्र जन्मभर मान खाली घालून वावरते.

गटानं करायची पाच कामं

१. गटातल्या कुणाच्या घरी, शेजारी बाळ जन्मलं की त्याच दिवशी आशाताईला फोन. माहेरी बाळंतपण झालं असेल तरी दोन्हीकडच्या आशाताईला कळवा. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्या, ती फुकट होते.

२. बाळंतिणीला पहिल्या सहा आठवड्यांत गटाची एक बाई आठवड्यातून एकदा भेटेल, अशी पाळी लावा. उपदेश करायला नाही. "जेवलीस का? बाळ पितंय का? तुला ताप आहे का?" एवढं विचारायला.

३. सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मध नाही, घुटी नाही, पाणीही नाही. सासूबाई, आजी ऐकत नसतील तर गटातल्या वयस्कर मावशीला बोलायला पाठवा. आमच्यासारख्या तरुण पोरीनं सांगितलेलं पटत नाही, ते मला ठाऊक आहे!

४. प्रत्येक गटाच्या पेटीत ओआरएसच्या दहा पुड्या ठेवा. आरोग्य केंद्रात मिळतात. पुडीवरची तारीख बघत जा.

५. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या बैठकीत पावसाळ्याच्या आधी दोन प्रश्न विचारा: पाण्यात टीसीएल कोण टाकतं आणि गटारी कधी साफ होणार? उत्तर वहीत लिहून घ्या. पुढच्या बैठकीत तीच वही उघडा.

चर्चेचे प्रश्न

१. गेल्या तीन वर्षांत आपल्या गावात किती बाळं जन्मली आणि किती वर्षाच्या आत गेली? आकडा कुणाला माहीत आहे? नसेल तर कुणाकडून मिळेल?

२. उन्हाळी जुलाबाची साखळी पुन्हा सांगा: मैला, माशी, दूध, बाटली, बाळ. आपल्या गावात या साखळीतली कोणती कडी अजून शाबूत आहे? ती कोण तोडू शकतं, आई, गट की ग्रामपंचायत?

३. लॅम्बेथच्या आईच्या वहीत तिच्या स्वतःच्या जेवणाला सगळ्यात शेवटी पैसे उरत. आपल्या घरात गरोदर बाई कितव्या पंगतीला जेवते?

४. आपल्या गटातल्या कुणाचं बाळ गेलेलं असेल आणि तिला बोलायचं असेल, तर तिला बोलू द्या. कुणी मध्ये कारण काढू नका, दोष देऊ नका. तिला बोलायचं नसेल तर विचारू नका.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मात्र प्रत्येक गटानं पुढच्या महिन्याच्या मासिक बैठकीपर्यंत संघाकडे लेखी द्यायचं आहे. नावं नकोत, फक्त आकडे. सगळ्या गावांचे आकडे एकत्र आले की आपण ते घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना भेटणार आहोत. तारीख ठरली की कळवते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक